स्टिकरवरची तिसरी ओळ

गाडी दोरीला बांधून आली. पुढे रिकामा टेम्पो, मागे सबनीसांची पांढरी गाडी, आणि इंजिन बंद असलं तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसलेले रवळूमामा. माझ्या गॅरेजच्या दारात टेम्पो थांबला तसा त्यांनी नेमका ब्रेक दाबला. दोरी ढिली पडली नाही आणि गाडी टेम्पोवर आदळलीही नाही. मग ते खाली उतरले, खिशातला पांढरा रुमाल काढून आधी हात पुसले आणि मगच माझ्याकडे बघून मान हलवली.

"आंबोलीच्या घाटात गरम झाली, मिस्त्री," ते म्हणाले. "पण घोर करू नका. टर्बोला काय हू दिलं न्हाई मी."

ते वाक्य मी अर्धंच ऐकलं. बॉनेट उघडलं तर आतून उकळून सुकलेल्या पाण्याचा गोडसर वास आला. रेडिएटरला वरची नळी जिथे बसते ते प्लास्टिकचं तोंड उभं तडकलं होतं. सगळीकडे हिरवट डाग उडाले होते. टाकीत बोट घातलं तर कोरडं.

"किती चालली अशी?" मी विचारलं.

"चालवली कुठं? काटा वर चढाय लागला, म्होरनं वाफ आली, तशी कडंला घेतली की. वळणाच्या म्होरं जागा हाय बगा, माकडं बसत्यात तिथं."

"बरं केलंत."

"व्हय तर," मामा म्हणाले, आणि समाधानानं टायरांच्या थप्पीवर जाऊन बसले.

रवळू गावडे सतरा वर्षं सबनीसांकडे ड्रायव्हर होते. आजऱ्यात प्रभाकर सबनीसांचा काजूचा कारखाना मोठा. साठ-सत्तर बायका आणि दहा-बारा म्हातारे गडी तिथल्या शेडमध्ये बसून काजू फोडायचे. काजूच्या टरफलात तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी आधी जळते, मग काळी पडते, मग सोलून निघते. हाताला राख लावा, खोबरेल लावा, ते काही पुरतं सुटत नाही. आमच्या गावात बाजारात कुणी भाजीला हात घातला की तो माणूस शेडमधला आहे की नाही हे लगेच कळायचं. मामांचे हात मात्र पुजाऱ्यासारखे. कारखान्याच्या आवारात राहूनही त्यांनी सतरा वर्षांत काजूच्या पोत्याला बोट लावलं नव्हतं. "मी गाडीचा माणूस," असं ते सांगायचे, आणि ते सांगताना त्यांची मान थोडी वर व्हायची. शेडमधल्या बायका त्यांना 'पांढरा रुमाल' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

अर्ध्या तासात सबनीसांचा फोन आला. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावा नाहीतर टेबलावर ठेवा, ऐकायला सारखाच.

"दिगंबर, इंजिन उघडून बघ, आणि मला एकच सांग. दोष गाडीचा की ड्रायव्हरचा?"

"बघून सांगतो, साहेब."

"गाडीचा असला तर माझं नशीब. ड्रायव्हरचा असला तर सोमवारपासून रवळू शेडमध्ये बसेल. उपाशी नाही ठेवणार मी त्याला, पण गाडी नाही देणार. आमचा निनाद कधीपासून म्हणतोय, नव्या गाड्यांना नव्या डोक्याचा माणूस पाहिजे. मीच थांबवून धरलंय. कळलं ना? नीट बघ."

फोन ठेवला. मामा दोन हातांच्या अंतरावर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बगा की," ते म्हणाले. "निवांत बगा. मला कशाचं भ्या न्हाई."

आणि खरंच, त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ते मला तेव्हा विचित्र वाटलं.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी तेव्हा एकतीस वर्षांचा. कोल्हापूरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काढून गावी आलो आणि रस्त्याला लागून 'मोरबाळे ऑटो' नावाचं गॅरेज टाकलं. त्या काळात आमच्या भागात टर्बोच्या डिझेल गाड्या नव्यानं येत होत्या. जुने मिस्त्री त्यांना हात लावायला कचरायचे. मी लावायचो. टर्बो म्हणजे तसा साधा प्रकार. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं, ते दुसऱ्या चक्रानं इंजिनात जास्त हवा कोंबतं, म्हणून गाडी घाट पळत चढते. पण ते चक्र प्रचंड वेगानं फिरतं, लालबुंद होतं, आणि त्याला थंड ठेवतं ते इंजिनाचं ऑइल. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद केलंत, की ऑइल जागच्या जागी थांबतं आणि टर्बोच्या गरम दांड्यावर जळून त्याचा काळा थर होतो. असं महिना-दोन महिने झालं की टर्बो गेला. आमच्याकडे तर आंबोलीचा घाट, वर पोचलं की धबधबा बघायला गाडी थांबवून चावी काढायची सगळ्यांना सवय. पहिल्या वर्षी माझ्याकडे सात टर्बो आले, सातही असेच जळालेले.

तेव्हा मी लोकांना सांगायला लागलो, की गाडी थांबवा पण लगेच बंद करू नका, इंजिन पाच मिनिटं नुसतं चालू ठेवा. कंपनीचं पुस्तक दोनच मिनिटं सांगतं. पण आमच्या लोकांना दोन सांगितली तर ते अर्धं थांबतील, म्हणून मी पाच केली. गॅरेजच्या भिंतीवर तांबड्या रंगात लिहून घेतलं. गडहिंग्लजच्या एका प्रेसमधून पिवळी स्टिकरं छापून आणली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मीटरखाली एक चिकटवलं. चहाच्या टपरीवर मला 'पाच मिनिटं' अशी हाक मारायचे. "काय पाच मिनिटं, जेवला का?" मी वरवर चिडायचो, आतून फुगायचो. दुसऱ्या वर्षी जळालेला टर्बो एकही आला नाही.

तर आता इंजिन.

गरम झालेलं इंजिन बघायचं तर घाई करून चालत नाही. आधी ते पूर्ण निवू द्यायचं. तोवर मी ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल काळं असायला हवं, ते दूध जास्त झालेल्या चहासारखं झालं होतं. म्हणजे पाणी ऑइलात उतरलं होतं. मामांनी मान लांब करून विचारलं, "काय हो?"

"पाणी मिसळलंय."

"आणि टर्बो?"

"टर्बो मग बघू, मामा."

"टर्बो आधी बगा की," ते म्हणाले.

दुपारनंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं. चार सिलिंडरांतले एक आणि चार ठीक निघाले, मधले दोन आणि तीन निम्म्यावर. शेजारशेजारचे दोन एकदम पडले की बहुतेक वेळा त्यांच्यामधलं पॅकिंग जळलेलं असतं, आणि पॅकिंग जळलं असलं की वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं असण्याची शक्यता मोठी. पण शक्यतेवर मी कधी बिल करत नाही आणि निकालही देत नाही. उघडल्याशिवाय काही सांगायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्याआधी गॅरेजच्या दारात हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात रुमाल. मी म्हणालो, "मामा, तुम्ही कशाला येताय? मी कळवलं असतं."

"गाडी हितं आणि मी घरात बसू? बरं दिसतं का ते?"

म्हणून मग त्यांचं मन राखायला मी टर्बो आधी उघडला. हवेचा पाइप काढला. आत ऑइलचा थेंब नव्हता. चक्राच्या पात्यांना ओरखडा नव्हता. टोकाला बोट लावून हलवून बघितलं तर दांडा खिळखिळा नाही, वर नाही, खाली नाही. बोटानं फिरवलं तर चक्र गुळगुळीत फिरलं आणि फिरतच राहिलं. ऑइलची नळी काढून बघितली, आत काळा थर नाही. तीन वर्षांची, दर आठवड्याला दोनदा घाट चढणारी गाडी, आणि टर्बो नवा काढून बसवल्यासारखा.

"या, बघा," मी म्हणालो.

मामा वाकले. मी त्यांना चक्र फिरवायला सांगितलं. त्यांनी आधी रुमालानं बोट पुसलं, मग अलगद फिरवलं, आणि लहान पोरासारखे हसले.

"म्या म्हटलं न्हवतं? वाफ येत हुती तरी बंद केली न्हाई मी. दुसरा कुणी असता तर घाबरून चावी काढली असती. मी घड्याळ लावून बसलो. बरोब्बर पाच मिनिटं. वाफेनं काच भरली, पार म्होरचं दिसंना, पर म्हटलं मिस्त्रींनी सांगितलंय, गरम गाडी लगीच बंद करायची न्हाई. पाच झाली, मगच चावी फिरवली."

माझ्या हातात स्पॅनर होता, तो खाली ठेवला.

"मालकास्नी सांगा की हे," मामा म्हणाले. "टर्बो कसा राखलाय ते."

"हेड उघडतो," मी म्हणालो.

हेड उतरवायला दुपार झाली. पॅकिंग दोन आणि तीनच्या मध्ये जळून काळं पडलं होतं, बोट जाईल एवढी फट. तीन नंबरच्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. मी हेड घासून साफ केलं, पोलादी पट्टी तिरकी आडवी ठेवली आणि खाली फट मोजायच्या फिलर गेजच्या पातळ पात्या, वाढत्या जाडीनं, घालून बघत गेलो. पाच पॉइंटची पाती आत जात नसेल तर हेड सरळ. पाचची गेली. दहाची गेली. वीसची थोडी रेटून गेली. मी पट्टी फिरवून पुन्हा मोजलं. मग पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी तेच आलं.

रेडिएटर तडकून पाणी जातं तेव्हा इंजिन गरम होतं, पण तेवढ्यानं हेड असं वाकत नाही. त्याच क्षणी बंद केलं असतं तर रेडिएटर बदलून गाडी संध्याकाळी घरी गेली असती. पण आत थेंबभर पाणी नसताना इंजिन चालत राहिलं, तर ती आग जायला जागा नसते. ती धातूत शिरते. पाच मिनिटं पुष्कळ होतात. टर्बो वाचला होता आणि इंजिन गेलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच कारणानं झाल्या होत्या.

मामा जेवायला घरी गेले होते. मी जॉबकार्डावर किलोमीटर लिहायचे म्हणून गाडीत जाऊन बसलो. मीटरखाली माझं पिवळं स्टिकर होतं. मामांनी ते तीन वर्षं पुसून पुसून स्वच्छ ठेवलं होतं.

'टर्बो गाडी लगेच बंद करू नका.
पाच मिनिटं चालू ठेवा, मगच चावी फिरवा.'

आणि खाली ठळक, दुप्पट मोठ्या अक्षरांत: मोरबाळे ऑटो, आजरा, आणि माझा फोन नंबर.

मी प्रेसवाल्याला कागदावर लिहून दिलं होतं तेव्हा ओळी तीन होत्या. तिसरी होती, 'वाफ दिसली तर मात्र लगेच बंद करा.' कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला दोन्ही गोष्टी एकाच श्वासात शिकवल्या होत्या. प्रेसवाला म्हणाला, "तीन ओळी टाकल्या तर नाव-नंबर बारीक होईल हो. एक ओळ काढा." मी दोन मिनिटं विचारही केला नाही. मला नाव मोठं हवं होतं. तिसरी ओळ खोडली आणि कागद परत दिला. तोंडी सांगताना ती सांगायची असं तेव्हा ठरवलं होतं. पण स्टिकर लागलं की लोक म्हणायचे, "कळलं, पाच मिनिटं," आणि मीही म्हणायचो, "हां, पाच मिनिटं." तिसरी ओळ मी कुणालाही सांगितली नव्हती. रवळूमामांनाही नाही.

गाडीत बसून मी किती वेळ घालवला ते आठवत नाही. आठवतं ते हे, की मी खाली उतरून ब्लेड आणि पेट्रोलचा बोळा आणला. स्टिकर सहज निघत नव्हतं, कडा नखानं उचकटाव्या लागल्या. गोंदाचा एक चौकोन राहिला, तो घासून घासून काढला. पुरता गेला नाही, पण वाचायला काही उरलं नाही. कागदाचे तुकडे मी खिशात घातले. सबनीसांच्या तीन गाड्या, दोन टेम्पो माझ्याकडे यायचे. त्यांच्या ओळखीनं आलेल्या गाड्या वेगळ्या. आणि 'पाच मिनिटं'मुळे इंजिन गेलं, हे एकदा टपरीवर पोचलं असतं तर माझ्या नावाचं काय झालं असतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सबनीस स्वतः आले. उघडं इंजिन, बाकावर ठेवलेलं हेड, जळालेलं पॅकिंग, सगळं त्यांना दाखवलं. मामा मागे हात बांधून उभे होते. अजूनही निर्धास्त.

"तर?" सबनीस म्हणाले.

"रेडिएटरचं तोंड तडकलं, साहेब. तो गाडीचा दोष. त्यानं पाणी गेलं."

"आणि हे हेड?"

"हेड वाकलं ते पाणी गेल्यावरही इंजिन चालू राहिलं म्हणून."

"म्हणजे लगेच बंद केलं असतं तर?"

"तर हेड वाचलं असतं."

मामांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं नाही. मी हेडकडे बघत होतो.

सबनीस त्यांच्याकडे वळले. "रवळू, बंद का नाही केलीस?"

"मालक, मिस्त्रींनी सांगितलंय तसंच केलं की मी. पाच मिनिटं चालू ठेवायची. गाडीत लिवलंय बी."

"तू सांगितलंस?" सबनीसांनी मला विचारलं. "वाफ येत असताना इंजिन चालू ठेवायला?"

प्रश्न त्यांनी असा विचारला की खरं उत्तर देणं सोपं होतं आणि खोटं न बोलता सुटणंही सोपं होतं.

"वाफ येत असताना चालू ठेवा असं मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही, साहेब," मी म्हणालो. "पाच मिनिटं ती नेहमीच्या वेळी. सतरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं."

मामा चालत गाडीकडे गेले, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आत वाकले. मीटरखाली हात फिरवलेला मला काचेतून दिसला. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मला वाटलं, आता हा माणूस मागे वळेल आणि बोलेल, आणि मग माझ्याकडे सांगायला काही नसेल.

ते आले. रुमाल काढून हात पुसले, घडी करून रुमाल खिशात ठेवला.

"व्हय मालक," ते म्हणाले. "कळाय पायजे हुतं."

सोमवारपासून मामा शेडमध्ये बसले. हे मला टपरीवर कळलं. कुणीतरी हसत सांगितलं, "पांढऱ्या रुमालाची आता रंगपंचमी." मी चहा अर्धा टाकून उठलो. लाज वाटली, हे खरं. पण लाज वाटून मी काही केलं का, तर ज्या ज्या गाड्या गॅरेजला आल्या त्यांच्यातलं पिवळं स्टिकर गुपचूप काढून टाकलं, आणि भिंतीवरच्या तांबड्या अक्षरांवर पांढरा रंग मारून घेतला. विचारलं तर सांगायचो, जुनं झालं होतं. आलेल्या प्रत्येकाला मात्र तिसरी ओळ पहिल्यांदा सांगायला लागलो. मामांशी जाऊन बोललो नाही. आधी उद्या जाऊ म्हणालो, मग पुढच्या आठवड्यात, मग इतके दिवस झाले की जायला काही कारण उरलं नाही.

सबनीसांच्या बंगल्यावर जाणं-येणं होतंच, पण शेडकडे मी अकरा वर्षं फिरकलो नाही. मामाही पुन्हा कधी गॅरेजकडे आले नाहीत. एकदा बाजारात समोरून येताना दिसले, मी कांद्यांत तोंड घातलं.

मग सबनीस वारले. कारखाना त्यांच्या मुलाकडे, निनादकडे आला. त्यानं एक दिवस फोन केला, "मोरबाळेकाका, शेडमागच्या जनरेटरचं सर्व्हिसिंग करून द्या की. कोल्हापूरचा माणूस दोन महिने येतो येतो म्हणतोय." नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला गेलो. वीज गेलेली होती आणि शेडमागे मोठा जनरेटर धडधडत होता. टर्बोचाच. मी बाहेरून त्याला फेरी मारत असताना शेडमधून एका बाईनं हाक दिली, "मामा, लाइट आली वो!" आणि आतल्या बाकावरून एक म्हातारा उठून बाहेर आला. त्यानं आधी लोडचा खटका खाली ओढला. आतले दिवे विजेवर गेले, जनरेटरचा आवाज हलका झाला. पण त्यानं इंजिन बंद केलं नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून तो तिथेच उभा राहिला. मग त्यानं मला बघितलं.

"या मिस्त्री," रवळूमामा म्हणाले.

हात काळे होते. बोटांची टोकं सोललेली, नखं जळून आत गेलेली. खिशात रुमाल नव्हता, कमरेला एक कळकट फडका खोचलेला होता.

"मामा," मी म्हणालो. नजर वळवून जनरेटरच्या पत्र्याकडे बघितलं. तिथे, चावीच्या वर, माझं पिवळं स्टिकर होतं. कडा उन्हानं पांढऱ्या झालेल्या, पण अक्षरं शाबूत.

"हे कुठलं?"

"पयल्या सर्व्हिसिंगला तुमी दोन दिलेली. एक गाडीला लावलं, एक जादा हुतं."

मी जवळ गेलो. माझ्या दोन ओळी. मग माझं मोठं नाव आणि माझा नंबर. आणि नंबरच्या खाली उरलेल्या बोटभर जागेत, बॉलपेननं गिरवून गिरवून लिहिलेली एक ओळ होती: 'वाफ दिसली तर मात्र लगीच बंद करा.'

शब्द जवळजवळ तेच होते. प्रेसवाल्याच्या कागदावर मी खोडलेले.

"ही ओळ आधी होती, मामा," मी म्हणालो. "मी लिहिली होती. मीच काढली. माझं नाव मोठं दिसावं म्हणून."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग स्टिकरकडे.

"ते मला ठावं न्हवतं," ते म्हणाले. "पर खरवडलेलं त्याच दिशी बघितलं. हात लावला तर चिकट लागलं. पेट्रोलचा वास येत हुता."

"मग बोलला का नाही तुम्ही? मालकांसमोर?"

"इंजिन कुणी उघडलेलं? तुमी. मग शबूद कुणाचा चालणार, तुमचा का माझा?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रस्ता विचारणाऱ्याला वळण सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"निनादला सांगतो मी. आत्ता जाऊन सांगतो. सगळं."

"सांगून?" मामा म्हणाले. "लायसन संपून चार वर्सं झाली. ह्या डोळ्यात मोतीबिंदू आणि ह्या डोळ्यात यायला लागलाय. गाडी दिली तर ती घेऊन मी जाणार कुठं?"

मला तिथून निघायचं होतं. काहीतरी काम आहे असं सांगायला मी तोंडही उघडलं.

"थांबा की," मामा घड्याळाकडे बघत म्हणाले. "अजून दोन मिनिटं हायत."

मी थांबलो. जनरेटर नुसता चालू होता, हलक्या आवाजात. आत बायका काजू फोडत होत्या, त्याचा ठक ठक आवाज येत होता. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. दोन मिनिटं किती मोठी असतात ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग मामा वाकले, रेडिएटरच्या बाजूनं वाफ येत नाही ना ते डोळे बारीक करून बघितलं, आणि काळ्या बोटांनी चावी फिरवली. इंजिन थांबलं. फडक्याला हात पुसत ते आत गेले आणि आपल्या जागेवर बसून त्यांनी पुढचा काजू उचलला.